मिक्सरमागच्या दादांना पत्र

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. साउंड चेकला गिटार गळ्यात अडकवून चिडचिड करणारा तो मी, एवढं सांगितलं तरी आठवेल.

"वायरलेस बदला, हात आणि आवाज जुळत नाहीये," असं मी, केबलऐवजी हवेतून गिटारचा आवाज नेणाऱ्या त्या सेटवर वैतागून, तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा दुसरा कुणी असता तर रियाजावर घसरला असता. तुम्ही काहीच बोलला नाहीत. स्प्लिटर काढलात, माझ्या गिटारचा सिग्नल दोन वाटांनी नेलात, एक साध्या केबलने, एक वायरलेसमधून, आणि दोन्ही लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेत. मी एकच तार छेडली. तुम्ही वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करत गेलात तशा एकाखाली एक दोन उसळ्या दिसल्या, खालची जराशी उजवीकडे सरकलेली. मधलं अंतर 192 सॅम्पल, म्हणजे रेकॉर्डिंगमधले आवाजाचे 192 बारीक तुकडे. सेकंदाला 48,000 सॅम्पल, म्हणजे उशीर 4 मिलिसेकंदांचा.

"हा तुमचा चोर, पण एकटा नाही," म्हणालात.

मग पांढऱ्या टेपवर मार्करने हिशोब मांडलात, सगळा मिलिसेकंदांत. वायरलेस 4, कारण डिजिटल सेटला आवाजाचे आकडे करायचे, ते हवेतून पाठवायचे आणि परत आवाज करायचा. माझा इफेक्ट प्रोसेसर 3. डिजिटल मिक्सर 2. आणि मॉनिटर, म्हणजे मला माझाच आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर? तो माझ्यापासून 4 मीटरवर होता. आवाज एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, म्हणजे नुसत्या हवेतच 12 गेले! बेरीज 21. मी ज्याला शिव्या घालत होतो त्याचा वाटा पाचवा हिस्सासुद्धा नव्हता. (जुन्या ॲनालॉग सेटला उशीर जवळपास नसतोच, हेही तुम्हीच सांगितलंत. मी तर सगळे वायरलेस एकाच माळेचे मणी समजत होतो.)

मॉनिटर तुम्ही स्वतः उचलून पुढे आणलात, माझ्या कानापासून जेमतेम दीड मीटरवर. बाराचे साडेचार झाले. पहिल्याच गाण्यात कळलं, स्ट्रोक ड्रमच्या मागून पाय ओढत येत नव्हता.

जाता जाता रॅकच्या मागे दडवलेला वायरलेसचा रिसीव्हरही स्टेजच्या कडेला, मला दिसेल असा ठेवलात. माझ्या वायरलेससारखंच प्रेक्षकांच्या खिशातल्या फोनचं वाय-फाय आणि ब्लूटूथही 2.4 गिगाहर्ट्झवर बोलत असतं, त्यात मधे माणसं आली की सिग्नल तुटू शकतो. तो त्रास वेगळा, उशिराशी त्याचा संबंध नाही, हेही तेव्हाच डोक्यात शिरलं.

त्या दिवशी कार्यक्रम संपताच सामान भरायची घाई झाली आणि आभार मानायचे राहिले. ते आज मानतो. आणि एक कबुली: तो टेपचा तुकडा मी तुम्हाला न विचारता उचलला. माझ्या पेडलबोर्डवर चिकटवलाय, 21 वर काट मारून शेजारी 13.5 लिहिलंय.

तुमचा,
तिसऱ्यांदा तक्रार करणारा गिटारवाला