सूचना: पावसाळ्यातली पाणी तपासणी

सर्व सदस्यांना नमस्कार.

पाऊस तोंडावर आलाय, म्हणून प्रवाळ टाकीच्या (जिवंत प्रवाळ ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या) पाण्याची आठवण. खारटपणा रोज बघा, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) आसपास हवा. मे महिन्यात पाणी भराभर उडतं आणि तो चढतो. पावसात हवा दमट, पाणी कमी उडतं. मग उन्हाळ्याच्या सवयीने तेवढंच गोडं पाणी ओतलं की तो उतरतो, आणि प्रवाळ मिटून बसतात. समुद्राचं पाणी भरून आणणाऱ्यांना कळकळीची विनंती: जून ते सप्टेंबर आणूच नका. नद्या-खाड्यांचं गढूळ पाणी किनाऱ्यालगत मिसळलेलं असतं. आरओच्या पाण्यात रीफ सॉल्ट (प्रवाळ टाकीसाठी मिळणारं तयार मीठ) कालवून वापरा.

अल्कलिनिटी (आम्लता थोपवून धरायची पाण्याची ताकद) आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळीच मोजा. ८ ते ९ डीकेएच (ती मोजायचं एकक) उत्तम, पण आकडा स्थिर राहणं त्याहून महत्त्वाचं. कॅल्शियम, नायट्रेट, फॉस्फेट आठवड्याला. मॅग्नेशियम महिन्याला चालेल.

नव्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत दिवसाआड तपासा. तोवर प्रवाळ सोडू नका, कितीही मोह झाला तरी.

टेस्ट किटची मुदत बघून घ्या. पावडरच्या बाटल्या घट्ट बंद ठेवा, आपल्याकडची ओल त्यांना लगेच लागते.