दोन पडद्यांमधला गंधार

उप्साला (स्वीडन), रविवार रात्र

प्रिय सुऱ्या,

काका पुन्हा तुमच्या सतारींच्या दुकानात येऊन बसायला लागले, हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना माझा नमस्कार सांग. या पत्रात त्यांच्यासाठी एक काम आहे. आधी थोडी कथा ऐक, म्हणजे काम नीट समजेल.

तू विचारलंस, सतार सोडून तिकडे कसलं वाद्य घेऊन बसलायस? त्याचं नाव सिटर्न. थेंबासारखं पोट, बेताची दांडी, पाच जोड्यांत दहा पोलादी तारा, पिकनं, म्हणजे बोटांत धरायच्या छोट्या चपट्या तुकड्यानं वाजवायचं. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडात न्हाव्याच्या दुकानात भिंतीला टांगलेलं असायचं. नंबर येईपर्यंत गिऱ्हाईक छेडत बसे. इथला लाडका कवी-गायक बेलमान, त्याचं पेर क्राफ्टनं १७७९ साली काढलेलं चित्र आहे, त्यात त्याच्या हातातही याच घराण्यातलं वाद्य आहे. पण ती शहरातली गोष्ट. खेड्यात नाचाला फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आणि आमच्या या उप्लांड भागात न्यूकेलहार्पा. हे दुसरं वाद्य तुला दाखवायलाच हवं. गज फिरवायचा, लाकडी चाव्या दाबायच्या, वाजवायच्या तारा चार आणि खाली तरफेच्या बारा! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तुमच्या दुकानातली दुपार आठवली. एक सतार लावताना भिंतीवरच्या बाकीच्या आपोआप गुणगुणायच्या, तशी.

आज आम्ही वाजवतो तो सिटर्न त्या मानानं नवाच. १९७० च्या दशकात इंग्लंडात स्टेफन सोबेल या कारागिरानं तो नव्यानं घडवला आणि तिकडच्या लोकसंगीतात रुजवला. स्वीडनमध्ये आले मोल्लर ग्रीक बुझुकी वाजवता वाजवता इथल्या फिडलवाल्यांत आला आणि छेडायच्या तारांना या संगीतात जागा झाली. त्याआधी पिढ्यान् पिढ्या एकटं फिडल, फार तर सोबत दुसरं. म्हणजे मी या घरात दोन्ही अर्थांनी पाहुणा.

मी तारा डी-ए-डी-ए-डी लावतो. सा-प-सा-प-सा. तंबोराच की! तुला सांगतो, लावून झाल्यावर नुसता खर्ज छेडला तरी परदेशात आहोत हे विसरायला होतं.

आता पोल्स्का. नाचाची चाल, तीन मात्रांची. मी दादऱ्यासारखी धरली आणि पहिले सहा महिने चुकत राहिलो. इथे पाय पडतो पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर. दुसरी मोकळी, आपण खाली म्हणू तशी. शिवाय तिन्ही मात्रा सारख्या असतील तर शपथ. इथल्या दालार्ना प्रांताच्या पश्चिमेकडच्या पोल्स्कात पहिली मात्रा आखूड, तिला ते ‘कॉर्ट एट्टा’ म्हणतात. शेजारच्या नॉर्वेत टेलेमार्क भागातल्या स्प्रिंगार या तीन मात्रांच्या नाचात उलट, पहिलीच लांब. सारखे ठोके देणारा मेट्रोनोम लावलास तर गाणं मरतं. आमच्या गुरुवारच्या बैठकीत एक आजोबा आहेत, मिलमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांनी एकदा माझा हात तारांवर दाबून धरला आणि म्हणाले, “आधी नाच.” म्हणून नाच शिकलो. जोडीनं एकमेकांना धरून फिरायचं, दर तीन मात्रांत एक पुरी गिरकी. गिरकीत अंग खाली जाऊन वर येतं, त्या वर येण्याला जेवढा वेळ लागतो तेवढी ती मात्रा लांबते. हे गुडघ्यांना कळल्यावरच माझ्या उजव्या हाताला कळलं.

मग जुलैत बिंगशोला गेलो. दालार्नातलं एवढंसं जंगलातलं गाव. पेक्कोस पेर, योर्ट आंदेर्श असे मोठे फिडलर तिथलेच. १९६९ पासून जुलैच्या पहिल्या बुधवारी तिथे मेळा भरतो. मंच असतो, पण खरी मैफल झाडाखाली, गाड्यांच्या मधे, गोठ्याच्या भिंतीला टेकून. रात्री बारालाही पुस्तक वाचता येईल एवढा उजेड, आणि डास. मी एका कोंडाळ्यात शिरलो आणि सवयीनं भरघोस मेजर कॉर्ड वाजवली, म्हणजे सा, शुद्ध गंधार आणि प एकदम. शेजारच्या बाईंनी फिडल थांबवलं नाही, फक्त कपाळावर एक आठी आली. दुसऱ्यांदा वाजवली, पुन्हा आठी. तिसऱ्यांदा मी गंधार सोडून दिला, नुसते सा आणि प धरले, तेव्हा आठी गेली.

कारण त्यांचा गंधार कोमलही नव्हता आणि शुद्धही नव्हता. बरोबर मधला. निषादाचंही तसंच. गुरं हाकारायच्या बायकांच्या हाकांत आणि गाईच्या शिंगातून हेच स्वर निघतात. १९२२ ते १९४० या काळात जवळजवळ आठ हजार चालींचे चोवीस खंड इथे छापले गेले. निल्स आंदेर्सन नावाच्या एका वकिलानं गावोगाव फिरून ते काम उभं केलं. खंड पुरे व्हायच्या कितीतरी आधी, १९२१ सालीच, तो गेला. फार मोठं काम आहे ते. पण कागदावर हा गंधार कुठल्या रेघेवर लिहिणार? तो कानातच राहतो.

साथ करताना मी गंधार गाळतो. पण चाल वाजवायची तर तो लागतोच. सतार असती तर तार ओढून मींड घेतली असती. इथे जोडतारा ताणल्या की दोन्ही सारख्या ताणत नाहीत, स्वर फाटतो. आले मोल्लरनं आपल्या वाद्याच्या दांडीवर जादा पडदे, म्हणजे स्वरांच्या आडव्या पट्ट्या, बसवून घेतले. माझी दांडी कापायला मात्र मन होत नाही.

म्हणून काकांची आठवण झाली. आपण दहा-बारा वर्षांचे असताना ते दोऱ्यानं बांधलेला पडदा डोळे मिटून केसभर सरकवायचे, आणि आपण श्वास धरून बसायचो, आठवतं? मी मासे पकडायची नायलॉनची दोरी घेऊन तिसऱ्या आणि चौथ्या पडद्याच्या मधे बांधून पाहिली. बारीक घेतली तर तार पुढच्या धातूच्या पडद्याला टेकते, जाड घेतली तर मागचा पडदा झणझणतो. गाठही ढिली होते. एका रात्री मात्र दोरी नेमकी बसली आणि मधल्या तारेवर तो गंधार लागला. खालचा सा चालू होता. मी तासभर तेवढाच वाजवत बसलो, सुऱ्या. खिडकीबाहेर बर्फ पडत होतं.

मापं देतो. आडीपासून घोडीपर्यंत, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, ५३ सेंमी. तिसरा पडदा आडीपासून ८.४३ सेंमीवर, चौथा १०.९३ वर. मला हवा तो ९.७ च्या आसपास, पण सरकवता येणारा, कारण प्रत्येक गावचा गंधार वेगळा. दांडी तिथे ४२ मिमी रुंद. पडद्यांची उंची मिलिमीटरहून थोडीच जास्त. काकांना विचार, पितळी पडदा पातळ घासून सतारीसारखा दोऱ्यानं बांधता येईल का? डिसेंबरात येतोय, सिटर्न घेऊनच येतो. पुण्याहून सकाळच्या गाडीनं थेट मिरज. दुकान उघडं ठेव.

तुझा,
विन्या