शिआनच्या ताईंना, सगळ्यांसमोर थँक्यू

ताई,

वीचॅटवर तुम्हाला थँक्यू म्हटलं होतंच, पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. चीनमधल्या शिआनचे फोटो घरी, मित्रांना, ग्रुपवर सगळ्यांना दाखवतोय आणि प्रत्येकजण हेच विचारतोय की भाषा येत नसताना एवढी मोकळी माणसं तुला मिळाली कुठे, आणि प्रत्येकाला मी तुमचं सांगतोय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

वास्तूंचे फोटो मी एकट्याने काढलेच असते हो. बेल टॉवर १३८४ चा, ड्रम टॉवर त्याच्या चार वर्षं आधीचा, दोन्ही शहराच्या ऐन मध्यात, दिवे लागले की कोणीही उभं राहून छान फोटो काढावा. मिंग काळातली तटबंदी अजून अखंड आहे, वर सायकल भाड्याने मिळते आणि जवळजवळ १४ किलोमीटरचा पूर्ण फेरा मारता येतो, तोही मी मारलाच असता. आणि टेराकोटा सैनिक तर काय, १९७४ मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले तेव्हापासून सगळं जग तिथे रांग लावतंय. हे सगळं घेऊन मी परत आलो असतो, फोटो चांगलेच आले असते, पण त्यात शिआनचा माणूस पाठमोराच दिसला असता.

तुम्ही इतकी वर्षं तिथे योगा शिकवताय, सकाळी व्यायामाला येणारे निम्मे आजी-आजोबा तुम्हाला नावानिशी ओळखतात, आणि तुम्ही मला सरळ त्यांच्यात नेऊन बसवलंत. तटाच्या बाहेरच्या अंगाला, भिंत आणि खंदक यांच्या मधल्या पट्ट्यात ते ह्वानचंग पार्क. सगळ्या चीनला घड्याळ एकच, बीजिंगचं, आणि शिआन बरंच पश्चिमेला, त्यामुळे नोव्हेंबरात सात वाजून गेले तरच सूर्य वर येतो, तोवर माणसं मात्र अंधारातच जमलेली असतात. तुम्ही म्हणालात, कॅमेरा आत्ता पिशवीतच राहू दे, आधी चहा पिऊ. मग त्या फ्लास्कमधला गरम चहा, माझ्याबद्दलच्या हजार चौकश्या, लग्न झालंय का, आई काय करते, भारतात थंडी असते का, आणि तुम्ही न कंटाळता इकडचं तिकडे तिकडचं इकडे सांगत बसलेल्या. जरा वेळाने ते बानहूवाले, म्हणजे गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवणारे, आजोबाच म्हणाले की याच्याकडे कॅमेरा आहे ना, मग काढत का नाही.

छिनछियांग, म्हणजे तिकडचं पारंपरिक संगीतनाट्य, गाणारी ती मंडळी मला जन्मभर आठवतील. केवढा तो चढा आवाज, गळ्याच्या शिरा ताणून गायचं, बाजूला बानहू घासून वाजतंय आणि मागे बारा मीटर उंचीची करडी भिंत. गाणाऱ्या आजींचा तो फोटो मी अगदी जवळून ३५ एमएमच्या लेन्सने काढलाय, झूम लावून लांबून चोरून घेतलेला नाही, आणि तो फरक चेहऱ्यावर दिसतो. त्या कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाहीयेत कारण त्यांच्या दृष्टीने मी आता तिथलाच कोणीतरी झालो होतो.

फरशीवर पाण्याने अक्षरं लिहिणारे काका पण तुमच्यामुळेच. हातभर लांब काठी, पुढे स्पंजचा ब्रश, बादलीत बुडवायचा आणि चालत चालत लिहीत जायचं, शेवटची ओळ होईपर्यंत पहिली वाळत आलेली असते. मी समोरून काढत होतो तर सगळं नुसतं काळपट, तुम्हीच त्यांना विचारून मला पलीकडे उन्हाच्या तोंडाला खाली बसवलंत, तिथून ओली अक्षरं अशी चकाकली की काय सांगू! फोटोग्राफी शिकवणाऱ्या कोणी मला ती जागा दाखवली नसती, कारण ती जागा रोज तिथे उभं राहणाऱ्यालाच माहीत.

मुस्लिम क्वार्टरमध्ये संध्याकाळी जी गर्दी असते ती बघून मी घाबरलोच होतो, लाकडी मोगऱ्यांनी शेंगदाण्याची मिठाई कुटणारे, तळलेल्या पर्सिमनच्या टिक्क्या, डाळिंबाचा रस, वाफ आणि धूर, आणि शंभर मोबाईल वर. तुम्ही मला तिथून काढून मागच्या गल्लीतल्या पाओमोच्या दुकानात नेलंत. तिथे जाडसर रोटी आपणच हाताने नखाएवढी बारीक कुस्करायची, वाडगा परत आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून येतो. आमच्या टेबलावर पांढऱ्या टोपीतले हुई, म्हणजे चिनी मुस्लिम, आजोबा होते, त्यांना माझं कुस्करणं जाड वाटलं, त्यांनी माझा वाडगा ओढून घेतला आणि स्वतः बारीक करून दिलं. त्यांच्या हातांचा फोटो तुम्ही विचारल्यावरच घेतला. या सगळ्या फोटोंतला माझा सगळ्यात आवडता तोच आहे. दुसऱ्या दिवशी मोठ्या मशिदीत, जिथे घुमट नाही, चिनी पद्धतीची कौलं, अंगणामागून अंगणं आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी लाकडी मनोरा आहे, तिथे नमाजाच्या दिवाणखान्याकडे कॅमेरा वळवायचा नाही हे तुम्ही दारातच सांगितलंत. ते पाळल्याने काही गमावलं नाही, अंगणातल्या उन्हातच इतकं होतं.

आणि तो बिग वाइल्ड गूस पॅगोडा! युआन श्वांग, म्हणजे शाळेत आपण ज्याला ह्युएनत्संग म्हणायचो तो, ६४५ मध्ये भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन याच शहरात परतला, ते ठेवायला ६५२ मध्ये हा बांधला, आज ६४ मीटर उंच आहे. तो आपल्याकडे, पुलकेशीच्या महाराष्ट्रात येऊन गेला होता, आणि इथल्या लोकांबद्दल त्याने लिहून ठेवलंय की उपकार करणाऱ्याचे ते ऋण मानतात आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. त्याच्या पुतळ्यापाशी उभं राहून हे तुम्ही तुमच्या योगाच्या बायकांना चिनीत सांगितलंत तेव्हा त्या सगळ्या माझ्याकडे वळून हसल्या, तो फोटो मात्र तुम्ही काढलाय, माझ्या मोबाईलवर, आणि तो माझ्या घरात भिंतीवर आहे. थांग काळातले कपडे भाड्याने घालून आलेल्या त्या मुलींनी पण तुमच्या ओळखीनेच मला बोलावलं, आधी त्यांना हवे तसे काढून दिले, मग त्या केस सोडून बाकावर बसून नूडल्स खात होत्या तेव्हाचे माझ्यासाठी.

पण सगळ्यात जास्त आभार प्रिंट्ससाठी. फोटो काढला की तो त्या माणसाच्या हातात पडला पाहिजे हे तुमचं म्हणणं, आणि तुम्ही नुसतं म्हणाला नाहीत, माझ्या फाइल्स तिथेच छापून घेऊन, एकेकाला शोधून, पार्कात, गल्लीत, दुकानात जाऊन देऊन आलात, तेही स्वतःच्या क्लासच्या वेळा सांभाळून. इतकी वर्षं मी प्रवासात माणसांचे फोटो काढतोय, कोणी परक्यासाठी एवढं केलेलं पाहिलं नाही. बानहूवाल्या आजोबांनी तो फोटो वाद्याच्या पेटीत आतून चिकटवलाय हा तुमचा मेसेज मी आईला वाचून दाखवला, ती म्हणाली त्या पोरीला घरी जेवायला बोलाव.

तर ताई, नवीन फाइल्स वीचॅटवर टाकल्यात, छपाईचे पैसे या वेळी मी पाठवणार, नाही म्हणू नका. पाओमोवाल्या आजोबांचा हातांचा आणि चेहऱ्याचा दोन्ही मोठ्या साइजमध्ये काढा. पाणी-अक्षरवाल्या काकांचा राहिला होता तोही त्यात आहे, त्यांना सांगा उन्हाच्या तोंडाला बसूनच काढलाय. आणि सांगलीला सुट्टीवर याल तेव्हा पुण्यात आमच्याकडे दोन दिवस तरी राहायचं, आई पुरणपोळीचं ठरवून बसलीये.

तुमचा,
पुण्याचा फोटोवाला भाऊ