वॉर्डातल्या अक्कांना, सगळं आधीच सांगितल्याबद्दल

सप्रेम नमस्कार अक्का,

डिस्चार्जच्या दिवशी आणलेला कुंद्याचा डबा तुम्ही परत केलात. "मला शुगर आहे आणि स्टाफला काही घ्यायचं नसतं," म्हणालात. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं उघडंच लिहितेय, पण तुमचं आणि हॉस्पिटलचं नाव घालत नाही. सिस्टर असलात तरी सगळा वॉर्ड तुम्हाला अक्का म्हणतो, तेवढं पुरे. पोटात दुर्बीण घालून बघायच्या ऑपरेशनबद्दल, लॅपरोस्कोपीबद्दल, मला तुमच्याकडून जे कळलं ते खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडून बेळगावला येणाऱ्या पुष्कळजणींना कुणी सांगतच नाही. "दुर्बिणीचं आहे, छोटंसं, उद्या घरी," एवढ्यावर भागवतात. मीही तेवढंच ऐकून भरती झाले होते.

माझी फाईल तुम्ही वाचलीच होती. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, वर्षापासून पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत मला ताठ उभं राहता येत नाही. आधी सगळ्या म्हणायच्या लग्न झालं की थांबतं, मग म्हणायला लागल्या एक मूल झालं की थांबतं. मूल होत नव्हतं, म्हणजे तो उपायही गेला. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची ओटी भरून झाली. सोनोग्राफी दर वेळी नॉर्मल. गर्भाशयाच्या नळ्यांमध्ये औषध सोडून काढतात त्या एक्स-रेमध्ये मात्र डावी नळी बंद असल्याचा संशय आला. सोनोग्राफीत काही नाही म्हटल्यावर घरात हळूहळू असं मत झालं की ही जरा वाढवूनच सांगते. आमचे हे तसं कधी बोलले नाहीत, पण कुणी बोललं तर अडवतही नव्हते.

तुम्ही पहिलं काम केलंत ते हे मत मोडून काढण्याचं, आणि तेही मुद्दाम आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, समोर. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तशाच पेशी बाहेर, ओटीपोटात, अंडाशयावर, आतड्याच्या कडेला रुजतात, त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात, असं सांगितलंत. अंडाशयात त्याची गाठ झाली तर सोनोग्राफीत दिसते, तिला डॉक्टर चॉकलेट सिस्ट म्हणतात. नुसते पसरट ठिपके असले तर सोनोग्राफी साफ येऊ शकते, आणि दुखणं मात्र खरं असतं. पाळीच्या वयातल्या साधारण दहा बायकांत एकीला हे असतं, हे ऐकल्यावर आत्या बोटांवर आमच्या गल्लीतल्या सुना मोजायला लागल्या. मला हसू आलं होतं, तुम्हीही तोंड फिरवलंत.

दुसरं काम त्या फॉर्मचं. मी सोसायटीत काउंटरवर बसते, दिवसभर लोकांच्या सह्या घेते आणि वाचल्याशिवाय सही करू नका म्हणून सांगते. आणि माझ्याच हातात संमतीपत्र आलं ते कन्नड आणि इंग्रजीत. बाजारापुरती कन्नड मला येते, पण अडीच पानं छापील मजकूर, तोही ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, वाचून होत नाही. तुम्ही गोकाककडच्या, घरची भाषा कन्नड. तरी पलंगाच्या कडेला बसून एकेक कलम मराठीत सांगितलंत. मध्ये मध्ये "हेदरब्याड गं", म्हणजे घाबरू नको गं, चालूच होतं.

त्यातलं एक कलम मी एकटी असते तर सरळ सही करून मोकळी झाले असते. नाव "तपासणीची लॅपरोस्कोपी" असलं तरी आत काही सापडलं तर त्याच वेळी काढायची परवानगी त्यात असते, असं तुम्ही दाखवलंत. मग विचारलंत, "काय काढलेलं चालेल आणि काय विचारल्याशिवाय काढायचं नाही, ते तू ठरवलंस काय?" मी ठरवलं नव्हतं. कुणी मला असं विचारेल हेच डोक्यात नव्हतं. अंडाशयावरची गाठ काढताना चांगली बीजंही थोडी जाऊ शकतात, मूल हवं असलेल्या बाईनं हे आधी डॉक्टरांशी बोलायला हवं, हे तुमच्याकडून कळलं. रात्री राउंडला डॉक्टर आले तेव्हा मी ते विचारलं. ठिपके जाळा, चिकटलेलं सोडवा, पण अंडाशय किंवा नळी काढायची वेळ आली तर आधी आम्हाला उठवून विचारा, असं ठरलं आणि त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात फॉर्मवर लिहिलं. रक्तस्राव झाला तर पोट उघडावं लागू शकतं, हजारात साधारण दोघींना आतडं, मूत्राशय किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा होते, हेही तुम्ही लपवलं नाहीत. हे ऐकून आत्या घाबरल्या. मला उलट बरं वाटलं, कारण त्याआधी "काही होत नाही" याखेरीज कुणी काही बोललंच नव्हतं.

हे ऑपरेशन मला खरंच लागतं का, हे डॉक्टरांना विचारायलाही तुम्हीच लावलंत. घरी आल्यावर मी वाचलं की युरोपातल्या तज्ज्ञांच्या संस्थेनं, एश्रेनं, २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट सगळ्यांना दुर्बीण घालू नका असंच म्हटलंय. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये काही दिसत नसेल, किंवा औषधांनी भागत नसेल किंवा ती देता येत नसतील, तेव्हा ती करावी. माझ्या बाबतीत सोनोग्राफी साफ होती, पाळी दाबणाऱ्या गोळ्या देता येत नव्हत्या कारण त्यांनी गर्भच राहत नाही, आणि डाव्या नळीचा संशय होता. एक्स-रेच्या वेळी नळी नुसती आकसूनही बंद दिसू शकते, म्हणून आत बघायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन मिनिटांचं उत्तर होतं. विचारलं नसतं तर मिळालं नसतं.

सकाळची तयारी थोडक्यात लिहिते, वाचणारीच्या उपयोगाला. रक्त, ईसीजी, भूलतज्ज्ञांची तपासणी हे आधीच झालेलं असतं. तारीख पाळी संपल्यावर लगेचची देतात आणि गर्भ नाही याची लघवीची तपासणी करतात. खाणं रात्रीपासून बंद. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते भूलतज्ज्ञ सांगतात, मला दोन तास आधीपर्यंत चालेल म्हणाले होते. नखांचं पॉलिश काढायचं. दागिने सगळे काढायचे, कारण आत विजेच्या उपकरणानं जाळतात आणि अंगावरच्या धातूनं भाजू शकतं. इथं आमची गाडी अडली. मंगळसूत्र काढायला आत्या तयार नव्हत्या. वाद न घालता तुम्ही ते त्यांच्याच पदरात बांधायला दिलंत. "बाहेर आली की तुम्हीच घाला," म्हणालात. जोडवीही तिथंच गेली. मला वाटतं त्या दिवशी आत्या तुमच्या बाजूला आल्या त्या कायमच्या.

थिएटरमध्ये काय होणार तेही माहीत होतं. बेंबीतून सुई घालून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, कारण मिटलेल्या छत्रीच्या आतल्या काड्या दिसत नाहीत, ती उघडावी लागते. हे तुमचंच वाक्य. मग बेंबीतून दुर्बीण आणि खाली एक-दोन बारीक छिद्रं. टेबल डोक्याकडून खाली कलवतात म्हणजे आतडी वर सरकतात. खालून निळं औषध सोडतात आणि नळीच्या टोकातून ते बाहेर पडतं का बघतात. नुसतं बघायचं असेल तर अर्धा-पाऊण तास, काही काढायचं असेल तर जास्त. "बाहेर यायला उशीर झाला म्हणजे काही बिघडलं असं समजू नका," हे तुम्ही बाहेर थांबणाऱ्या आमच्या ह्यांना सांगितलंत. उशीर झालाच. बाकीचे नातेवाईक हैराण होते, हे खडेबाजारातून चहा पिऊन आले.

आता त्या रात्रीचं.

भूल उतरल्यावर पोटापेक्षा उजवा खांदा दुखायला लागला. दुखणं म्हणजे श्वास घेतला की खांद्याच्या टोकात सुरी. आत्या खाली चटईवर होत्या. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि ओरडल्या, "काळजात कळ आलीया गं तिच्या, डॉक्टरला बलवा की!" शेजारच्या दोन पलंगांवरच्या बायका उठून बसल्या. मी त्यांना म्हटलं, आत्या, हा गॅस आहे. पोटात राहिलेला गॅस छातीखालच्या पडद्याला टोचतो, तिथली नस खांद्याशी जोडलेली असते, म्हणून दुखतं तिकडं. एक-दोन दिवसांत जातं. चाललं की लवकर जातं. मी हे सगळं एका दमात सांगितलं, अक्का, तुम्ही सांगितलं होतं तसंच्या तसं. आत्यांना पटलं नाही. त्या तुम्हाला बोलावून आल्याच. तुम्ही नाडी बघितली, बीपी घेतलं, मला उठवून पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि गोळी दिलीत. आत्या तरी म्हणाल्या, "मी आता झोपत नाही, मी हितंच बसतो." आणि बसल्या पहाटेपर्यंत.

हे मला आधी माहीत नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी नंतर केला. पलीकडच्या पलंगावरच्या मुलीचं तसंच ऑपरेशन झालेलं, तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. तिच्या नवऱ्यानं पहाटे घरी फोन करून सगळ्यांना बोलावून घेतलं होतं.

लघवीचा रंगही तसाच. लघवीची नळी काढल्यावर पहिल्यांदा गेले तर हिरवट निळी. पॅडवरही निळे डाग. निळ्या औषधाचा रंग, दिवसभरात जातो, हे ठाऊक होतं म्हणून मी गप्प राहिले. घसा खवखवत होता, तो श्वासाच्या नळीमुळे. दोन दिवस पोट फुगलेलं राहिलं. आंबील आणि पेजेवर काढले, कुंदा घरच्यांनी खाल्ला.

डॉक्टर भुलेतून उठल्या-उठल्या जे सांगतात ते लक्षात राहत नाही, म्हणून नवऱ्याला जवळ उभं कर आणि आतले फोटो मागून घे, हाही तुमचाच सल्ला. मला खरंच त्यातलं एक अक्षर आठवत नाही. ह्यांनी मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत ठिपके होते, डावं अंडाशय बाजूला चिकटलेलं होतं. ठिपके जाळले, अंडाशय मोकळं केलं, एक तुकडा तपासायला पाठवला. उजवी नळी साफ, डावीतूनही निळं औषध सावकाश का होईना बाहेर आलं. म्हणजे बंद नव्हती. आजाराच्या चार पायऱ्यांपैकी दुसरी पायरी. तुकड्याचा रिपोर्टही नंतर तोच आला. पायरी कितवी आणि दुखतं किती यांचा मेळ बसत नाही, हे तुम्ही आधी बोलला होतात, त्यामुळे "दुसरीच आहे की" असं म्हणणाऱ्यांना आत्यांनी परस्पर गप्प केलं. आणि काहीच सापडलं नसतं तर? तेही मी तुम्हाला विचारलं होतं. "तरी दुखणं तुझंच, त्याचं औषध वेगळं शोधायचं," म्हणालात.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचे राहतील म्हणून इथंच लिहिते. भरतीच्या दिवशीच तुम्ही ह्यांना बाजूला घेऊन विचारलंत, वीर्याची तपासणी झाली का. झाली नव्हती. बायकोच्या पोटात दुर्बीण घालायला निघालेल्या घरात नवऱ्याची साधी तपासणी बाकी, हे आमच्याकडं इतकं नेहमीचं आहे की मलाही खटकलं नव्हतं. हे उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहेत, तिथल्या मित्रांत असला विषय निघत नाही. तुम्ही न लाजता, न लाजवता सांगितलंत, लॅबचं नाव दिलंत. ते त्याच दिवशी संध्याकाळी जाऊन आले, रिपोर्ट ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांच्या टेबलावर. काय आला ते आमच्या घरापुरतं राहू दे.

घरी पाठवताना ताप, दिवसागणिक कमी होण्याऐवजी वाढणारं पोटदुखणं, सारख्या उलट्या, लघवी अडणं, वास येणारा स्राव, पोटरीला सूज, यांपैकी काहीही झालं तर फोन न करता सरळ या, असं लिहून दिलंत. आणि गाडीत उशी पोटाशी धरून बस. अक्का, खानापूर रस्त्यावर त्या उशीनं मला वाचवलं.

दुखणं आता कमी आहे, गेलेलं नाही. परत वाढू शकतं, तेही माहीत आहे. बाळाची बातमी अजून नाही. डॉक्टरांनी काही महिने आपलं आपण बघा म्हटलंय, त्यानंतर आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणं) किंवा आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) बोलू. आत्या आता पाळीच्या दिवशी मला चुलीजवळ येऊ देत नाहीत, त्यामागं जुनं काही नाही. "बस गं, दुखतंय तुला," म्हणतात.

नंदगडची माझी मावसबहीण पुढच्या महिन्यात याच ऑपरेशनला तुमच्याकडं येतेय. मी तिला सगळं सांगितलंय, पण ती म्हणते, तू काय डॉक्टर आहेस का. त्या आठवड्यात तुमची दिवसाची ड्युटी आहे की रात्रीची, तेवढं कळवा. फॉर्म घेऊन ती तुमच्याकडंच येईल.

तुमची,
सात नंबर पलंगावरची