धाकटीच्या फौजदारकीच्या मुलाखतीबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की लेखी झाली, मैदान झालं, आता नुसतं बोलायचंच तर आहे, मग एवढी तयारी कसली? आणि आई, तू म्हणालीस, आम्ही शेतातली माणसं, आम्ही तिला काय मदत करणार? दोघांचं उत्तर एकच आहे. या मुलाखतीत विचारतात त्यातलं निम्मं आपल्या वाळवा तालुक्यातल्या कुठल्याही पारावर रोज बोललं जातं. ते प्रश्न तुमच्याइतके चांगले तिला दुसरं कोणी विचारणार नाही.

गावात शिपाई भरतीशी गल्लत होते ती आधी मिटवते. शिपाई भरतीला मैदान आणि लेखी असते, मुलाखत नसते. फौजदाराची, म्हणजे पोलीस उपनिरीक्षकाची निवड लोकसेवा आयोग करतो आणि तिथे ४० गुणांची मुलाखत असते. मुख्य परीक्षेला मुलं एकमेकांच्या अगदी जवळ असतात, त्यामुळे या चाळिसातले दोन-चार गुणही यादीत नाव वर-खाली करतात. भरती झालेला शेजारचा पोरगा काही सांगायला आला तर चहा द्या, पण त्याचं ऐकून तिची तयारी बदलायला लावू नका.

बाबा, पहिलं काम तुमचं. लोखंडी पेटीतले कागद आजच काढा. दहावीचं प्रमाणपत्र, पदवी प्रमाणपत्र, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमी लेयर आणि आधार, सगळे मूळ कागद एका फाइलमध्ये आणि स्वतः सही केलेल्या प्रतींचे दोन संच दुसऱ्या फाइलमध्ये. जास्त घोळ नॉन क्रिमी लेयरमध्ये होतो. दाखला असतो, पण जाहिरातीत ज्या काळात तो ग्राह्य असायला हवा त्या काळाचा नसतो. जाहिरातीची प्रत शेजारी ठेवून तारखा बोटाने ताडून बघा. मग नावं. दहावीच्या प्रमाणपत्रावर तुमचं नाव, आईचं नाव आणि आडनाव जसं आहे, तसंच बाकी सगळीकडे आहे का? काना-मात्रेचा फरक असेल तर तो आत्ताच कळू दे, कारण सेतू केंद्र आणि तहसील कार्यालयात हेलपाटे घालायला वेळ हातात पाहिजे. आई, जपून राहावं म्हणून कुठलाही मूळ कागद लॅमिनेट करायला देऊ नकोस. शिक्का आणि सही प्लास्टिकखाली गेली की तपासणाऱ्याला अडचण होते.

आता खरा विषय. रोज रात्री जेवण झाल्यावर वीस मिनिटं तिला खुर्चीवर ताठ बसवा आणि प्रश्न विचारा. मुलाखतही साधारण तेवढीच चालते. उत्तर बरोबर की चूक हे तुम्ही ठरवायचं नाही. तिने आधी काय केलं, मग काय केलं, एवढंच ऐकायचं. प्रसंगावरच्या कुठल्याही प्रश्नाला क्रम असतो: माणसाचा जीव, मग कायद्याने दिलेला अधिकार, मग वरिष्ठांना कळवणं, आणि शेवटी ठाण्यातली नोंद. घाईत मुलं जीव आणि नोंद ही दोन्ही टोकं विसरतात आणि मधल्या अधिकारावरच बोलत राहतात.

बाबा, तुम्ही बांधाचा प्रश्न घ्या. शेजाऱ्याने नांगरट करताना बांध कोरला, दोन्ही घरची माणसं काठ्या घेऊन उभी आहेत, तू ठाण्यात एकटी अधिकारी आहेस, काय करशील? ती जर म्हणाली की मी बांध कुठे होता ते बघून न्याय देईन, तर तिथेच थांबवा. बांध ठरवणं पोलिसांचं काम नाही. मोजणी भूमी अभिलेख करतं आणि हक्काचा निकाल दिवाणी न्यायालय देतं. तिने आधी दोन्ही बाजू वेगळ्या करायच्या, कोणी जखमी असेल तर दवाखान्यात पाठवायचं. मारहाण दखलपात्र, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या हुकमाशिवाय तपास करता येईल अशी असेल तर गुन्हा नोंदवायचा, नसेल तर अदखलपात्र म्हणून नोंद घ्यायची. भांडण पुन्हा पेटेल अशी चिन्हं असतील, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली तहसीलदारांकडे, म्हणजे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, शांतता राखण्याची हमी लिहून घेण्याचा प्रस्ताव पाठवायचा. जमिनीच्या ताब्यावरूनच शांतता मोडत असेल तर त्याच संहितेचं कलम १६४ आहे. एवढं तिने दोन मिनिटांत सांगितलं की पुरे.

दुसरा प्रश्न मामाचा. नाकाबंदीत तुझा सख्खा मामा दारू पिऊन गाडी चालवताना सापडला, सोडशील का? "कायदा सर्वांना समान" एवढ्यावर ती थांबली तर उत्तर अर्धंच आहे. गाडी पुढे जाऊ न देणं हे पहिलं, कारण पुढच्या वळणावर कोणाचा तरी जीव जाईल. मग श्वासाची तपासणी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य निघालं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं. नातं असल्याचं वरिष्ठांना सांगून पुढची कागदपत्रं दुसऱ्या अधिकाऱ्याकडून करून घ्यायची आणि तशी नोंद ठेवायची. मामा दुखावेल, पण उत्तर देताना तिचा आवाज बदलता कामा नये.

आई, तुझा प्रश्न पुराचा. पाणी चढतंय, आणि एक म्हातारी म्हणते, म्हशी सोडून मी घराबाहेर पडणार नाही. तू हे उत्तर स्वतःच्या मनाने जोखू शकशील. जनावरं कुठे नेणार आहोत, तिथे वैरण आहे का, हे न सांगता नुसतं "चला चला" म्हटलं तर कोणी हलत नाही. बोट आली की दुसरा प्रश्न विचार: माणसं जास्त आणि बोट लहान असेल तर? ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. बोटीत किती जण बसतील ते काठावर मोजून ठरवायचं, लाइफ जॅकेटशिवाय कोणाला चढू द्यायचं नाही, पहिल्या फेरीत लहान मुलं, बाळंतिणी आणि आजारी माणसं, आणि काठावर राहिलेल्यांजवळ एक पोलीस थांबलाच पाहिजे. तो नसला की उरलेले लोक घाबरून बोटीत उड्या टाकतात.

आणखी एक तूच विचार: "मला फोन आला, समोर वर्दीतला माणूस दिसतो, म्हणतो तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, पैसे भरा." अशी अटक कायद्यात नाहीच, हे तिने पहिल्या वाक्यात सांगावं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन आणि बँकेला कळवणं, कारण ती रक्कम थोड्याच वेळात एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरते आणि नंतर गोठवायला काही उरत नाही. हे उत्तर तुम्ही दोघांनीही पाठ करा, मुलाखत असो नसो.

कायद्याबद्दल तिला एक सांगा. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी नवे तीन कायदे लागू आहेत. खुनाचं ३०२ आता भारतीय न्याय संहितेत १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये आहे. गावात आपण अजून जुनेच आकडे बोलतो, आणि तेच तोंडात बसल्याने मुलं समितीसमोर चुकतात. उलट बाजूने विचारलं तर तेही माहीत हवं की त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते. हद्द आपली नसली तरी झिरो एफआयआर नोंदवावा लागतो. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे ते लेखी नोंदवावं लागतं, गरज नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची, म्हणजे हजर राहण्याची नोटीस द्यायची. म्हणून "मी लगेच अटक करीन" हे वाक्य फार महागात पडतं. ऐकायला धाडसाचं वाटतं, पण समितीला त्यातून एवढंच कळतं की हिला अटकेचे नियम ठाऊक नाहीत. साठीच्या वरच्या पुरुष साक्षीदाराला आणि कोणत्याही वयाच्या बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरी जावं लागतं. हे तर तुम्ही तिलाच विचारून बघा.

तिची पदवी शेतीची, त्यामुळे "शेती शिकलीस, मग पोलिसात कशाला?" हे नक्की येणार. लहानपणापासून वर्दीचं स्वप्न होतं, हे उत्तर प्रत्येक जण देतो. तिने आपल्या भागातलं बोलावं. गळीत हंगामात रात्री दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे रिफ्लेक्टर नसलेले उसाचे ट्रॅक्टर, त्यावर दुचाकी आदळून होणारे अपघात, शेतातल्या पंपाच्या मोटारी आणि केबलच्या चोऱ्या, बेदाण्याच्या व्यवहारातली फसवणूक. हंगाम सुरू होण्याआधी कारखाना आणि वाहनमालकांची बैठक घेऊन प्रत्येक ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावून घेईन, असं ठोस काही म्हणाली तर समिती त्यावरच पुढे विचारील, आणि ते तिच्या माहितीतलं असेल. जिवंत नागांच्या पूजेसाठी ओळखल्या जाणाऱ्या शिराळ्याच्या नागपंचमीचंही तसंच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि लोकांची श्रद्धा, दोन्हींबद्दल आदराने बोलता आलं पाहिजे. मंडळांशी बोलणं आणि वनखात्याबरोबरची तयारी सणाच्या आदल्या दिवशी करून चालत नाही.

आपल्या भागातली दोन नावं अचूक माहीत हवीत. तुकाराम ओंबळे जावळीतल्या केडंब्याचे, २६ नोव्हेंबर २००८ ला ते सहायक पोलीस उपनिरीक्षक होते, त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. त्यांचा हुद्दा बरेच जण चुकीचा सांगतात. आणि कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आले आणि १९५५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक झाले, म्हणजे हाच हुद्दा.

माहीत नसेल तर तिने "माफ करा, मला माहीत नाही" एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं. अंदाजाने ठोकलेल्या उत्तरावर पुढचे तीन प्रश्न येतात आणि त्यात ती अडकत जाते. घरी ती असं म्हणाली तर तुम्ही रागावू नका, नाहीतर तिथेही ती लपवायला बघेल.

कपड्यांचं थोडक्यात. साडीची सवय नसेल तर हट्ट धरू नकोस आई, फिक्या रंगाचा साधा पंजाबी ड्रेस चालतो. साडीच नेसायची असेल तर आधी दोनदा नेसून अर्धा तास खुर्चीवर बसू दे, जिना चढू दे. चपलेचा आवाज नको. नवी चप्पल तर नकोच, ती त्याच दिवशी चावते. आदल्या दिवशी मुक्कामाला पोहोचायचं, सोबत बाबा. डब्यात भाकरी आणि सुकी भाजी दे, बाहेरचं काही नको.

मी रविवारी रात्री नऊला फोन करते. तोवर बांधाचा आणि मामाचा, एवढे दोनच प्रश्न घेऊन ठेवा. नोंद कधी सांगते तिकडे बाबा तुम्ही लक्ष ठेवा, आणि आवाज कुठे खाली जातो ते आई तू ऐक.

तुमची,
थोरली