घरफोडी म्हणजे नुसती चोरी नव्हे

चोरीच्या बातम्यांत ‘घरफोडी’ हा शब्द सरसकट वापरला जातो. मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० नुसार घरफोडी सिद्ध होण्यासाठी काही चोरीला जावेच लागते असे नाही. गुन्हा करण्याच्या किंवा घराचा ताबा असलेल्या व्यक्तीला धमकावण्याच्या, अपमानित करण्याच्या वा त्रास देण्याच्या उद्देशाने, भिंतीला भोक पाडून नुसता हात आत घातला तरी ती घरफोडीच ठरते. मालकाची हरवलेली किल्ली सापडली आणि तिने कुलूप उघडून अशाच उद्देशाने कोणी आत शिरला, तर काहीही न फोडता तो घरफोडीचा आरोपी होतो, हे अनेकांना पटणार नाही. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी असे कृत्य केल्यास साध्या घरफोडीची कमाल शिक्षा दोनऐवजी तीन वर्षे होते; चोरीसारख्या गुन्ह्याचा उद्देश असल्यास ती याहून अधिक असते. बातमीदारांनी निदान फिर्यादीतील कलम तरी द्यावे.

— एक वाचक