दिनूस पत्र: शनिवार, सकाळचं सत्र

नगर, मंगळवार रात्र

प्रिय दिनू,
सप्रेम जय ख्रिस्त.

तुझी दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही. आठ महिने झाले. चिडला असशील, चिडायलाच हवं. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू, सुनंदाचा गुडघा तसाच. आता पुढचं ऐक.

पिंकीचं बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचं हॉल तिकीट काल निघालं. शनिवार, सकाळचं सत्र.

म्हणजे नेमका आपला शब्बाथ: शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत ना काम, ना अभ्यास, ना पेपर. घरी वाचून दाखवलं तर सुनंदाचा भाऊ म्हणाला, ‘मग पोरीला अलार्म लावायला सांगा.’ म्हणून तुला लिहायला बसलो.

परीक्षा गुरुवार ते शनिवार आहे, रोज दोन सत्रं. फॉर्ममध्ये शहर निवडता येत होतं, तारीख नाही. ती हॉल तिकिटावर छापूनच येते. दुपारचं सत्र मिळालं असतं तरी उपयोग नव्हता. मार्चात पुण्याला सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो आणि पेपर त्याच्या आधीच आटोपतो. काल रात्री मदत कक्षाला मेल केला. सोबत काय जोडलं ते लिहून ठेव, तुमच्या मंडळीतल्या पोरांना लागेल: हॉल तिकीट, बाप्तिस्म्याचा दाखला, पाळकांचं सही-शिक्क्याचं पत्र. विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक. आणि मागणी एकच: ‘याच परीक्षेच्या गुरुवारी किंवा शुक्रवारी, कुठल्याही सत्रात, कुठल्याही केंद्रावर बसू द्यावे.’ नुसतं ‘शनिवारी अडचण आहे, कृपया विचार व्हावा’ असं लिहिलं की वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं तेच त्याला कळत नाही. पण खरं तर हा मेल फॉर्म भरला त्याच दिवशी जायला हवा होता. बैठक क्रमांक पडायच्या आधी नाव इकडचं तिकडे करणं सोपं असतं. नंतर केंद्रावरची जागाच ठरून गेलेली असते. हे मला ठाऊक होतं, तरी राहिलं. त्याचंच मनाला लागलंय.

उत्तर नाही आलं तर काय, हा प्रश्न रात्रभर डोक्यात फिरतोय.

पोरगी रडली नाही हां. हॉस्टेलवरून फोन केला, ‘पप्पा, काय करू?’ एवढंच विचारलं. मी म्हटलं, उद्या सांगतो. आज तो उद्या संपला.

स्पायसरला, म्हणजे पुण्याच्या आपल्या अ‍ॅडव्हेंटिस्ट विद्यापीठात, ती रुळली आहे, त्याचा आनंद तुला सांगायचाच राहिला. पहिल्या महिन्यात कहर झाला होता. मेसमध्ये मटण नाही याचं तिला काही वाटलं नाही, पण चहा नाही! आपल्या घरात दिवसाला चार कप पिणारी पोर, दुसऱ्याच दिवशी डोकं धरून बसली. चहा एकदम तोडला की असं होतंच. दुसरा दिवस सगळ्यात वाईट, मग आठवडाभरात उतरतं. तुझ्या धाकट्याला पाठवणार असशील तर जायच्या आधी पंधरा दिवस रोजचा अर्धा-अर्धा कप कमी करत जा. शेजारच्या मावशींना अजून वाटतं की स्पायसर म्हणजे मसाल्याचं कॉलेज. आणि मसाला सगळ्यात कमी कुठे असेल तर त्याच मेसमध्ये! पिंकीने त्यांना नीट बसवून सांगितलं की हे विल्यम स्पायसर नावाच्या मिशनरीचं नाव, तो 1898 मध्ये कलकत्त्याला आला होता. शाळा 1915 साली कोइमतूरला निघाली, मग बंगलोरकडे गेली, 1942 मध्ये पुण्याला आली आणि 2014 च्या कायद्याने विद्यापीठ झाली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग मसाला कुठं करतात?’

तिच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. वर्षातल्या सगळ्या शुक्रवारांची सूर्यास्ताची वेळ, पेन्सिलीने, चौकटी आखून. नोव्हेंबरअखेरच्या चौकटीत पाच सत्तावन्न, जुलैच्या पहिल्या आठवड्यात सव्वासात. मधल्या सव्वा तासाचं महत्त्व ती पहिल्याच सत्रात शिकली. हिवाळ्यातला शुक्रवार हातात येईपर्यंत संपतो. शेवटचं लेक्चर, आंघोळ, खोली झाडणं, इस्त्री, सगळं सहाच्या आत, आणि इस्त्रीच्या पॉइंटपाशी साडेचारपासून रांग. म्हणून ती इस्त्री गुरुवारी रात्रीच उरकते. पावसाळ्यात कपडे बुधवारी धुते, कारण दोरीवर दोन दिवस गेल्याशिवाय वाळत नाहीत आणि ओलसर कपड्यावर इस्त्री फिरवली की उपासनेत बसल्यावर कुबट वास येतो. तुझा तो निळा शर्ट आठवला.

अभ्यासाचंही तसंच. पहिल्या वर्षी तिने सोमवारच्या पेपरसाठी शनिवार उजळणीचा दिवस म्हणून धरला आणि फसली. शुक्रवारी सूर्य मावळला की पुस्तक बंद, ते शनिवारी मावळेपर्यंत. डिसेंबरात शनिवारी रात्री दहापर्यंत चार तास मिळतात, जुलैत पावणेतीनसुद्धा नाही. आता ती पेपरपासून मागे दिवस मोजताना शनिवार वगळूनच मोजते. ग्रुप प्रोजेक्टमध्ये स्वतःचा भाग गुरुवारी देऊन टाकते, कारण बाहेरच्या कॉलेजची पोरं शनिवारी दुपारी फाइल मागतात आणि हिचा फोन कपाटात असतो. दिनू, वीस वर्षांची पोर हे कुणी न सांगता करते. आणि शनिवारी संध्याकाळी फोन करते तेव्हा तिचा आवाज असा असतो, जसा काही दोन दिवस गावाला राहून आलीय. तो आवाज मला मोडायचा नाही.

दुसरीकडे, हे वर्ष गेलं तर गेलं, परीक्षा वर्षातून एकदाच.

आणि इथं तू येतोस. वीस नंबरच्या खोलीत मी तुला जे बोललो ते तू विसरला नसशील. मीही नाही. तू त्या शनिवारी परीक्षेला गेलास, पेपर दिलास, आणि रात्री डबा घेऊन माझ्या दाराशी उभा राहिलास. मी दार उघडलं नाही. सॅम्युएल सरांनी मध्ये पडून आपलं जुळवलं, पण तुला नेमकं काय वाटत होतं ते मी कधी विचारलंच नाही. आज विचारतोय. पेपर लिहिताना कसं वाटलं? नंतर कसं वाटलं? मार्क 2:27, ‘शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही,’ हे तू मला तोंडावर फेकलं होतंस, ते अजून तसंच धरतोस का? मला वादात जिंकायचं नाही. माझ्या लेकीला दोन्ही बाजू खऱ्या माणसाकडून कळाव्यात, आणि दुसऱ्या बाजूचं खरं माणूस माझ्या ओळखीत तूच आहेस. त्या रात्री दार उघडायला हवं होतं. माझं चुकलं.

निर्णय तिचाच. ती बसली तरी माझ्या घराचं दार उघडंच राहील, हे मी तिला उद्या सकाळी सांगणार आहे. नाही बसली तर वर्षभर ती इथल्या शाळेत बिनपगारी शिकवायला तयार आहे. हेडबाईंना विचारून ठेवलंय.

तुझ्या दुकानाचं काय झालं? भाडेकरू निघाला का? बेबीचं जमलं असेल तर तारीख आधी कळव, आणि वहिनींना म्हणावं लोणचं पोचलं, बरणी परत करतो.

पिंकीला तुझा नंबर दिलाय. ती शुक्रवारी दुपारी तीनला फोन करेल, तेवढ्या वेळात दुकानात गिऱ्हाईक घेऊ नकोस. मला मात्र शनिवारी पावणेसातनंतरच कर.

तुझा,
विलास